सामुराईचं चिलखत आणि तलवार थ्रीडीत घडवताना अभ्यास कसा करायचा

इंटरनेटवर ‘सामुराई’ शोधून समोर आलेल्या पहिल्या पन्नास चित्रांवरून मॉडेल करायला घेतलं तर हमखास खिचडी होते. खांद्यावरच्या मोठ्या ढाली बाराव्या शतकातल्या, छातीचा पत्रा सोळाव्यातला, तलवारीची मूठ एदो काळातली (१६०३ ते १८६८) आणि मुखवटा कुठल्याशा गेममधून उचललेला. सुटा सुटा प्रत्येक तुकडा बरोबर असतो, पण असा माणूस जपानात कधीच कुणी पाहिलेला नसतो.

याहून छुपी अडचण दुसरीच आहे. काचेमागची अस्सल वस्तूसुद्धा तिच्या काळात तशी दिसत नव्हती. पातं पुढे कधीतरी आखूड केलेलं असतं, नव्या पद्धतीने पॉलिश केलेलं असतं, चिलखताच्या दोऱ्या शे-दोनशे वर्षांनी नव्याने ओवलेल्या असतात. फोटो जमवणं त्या मानाने सोपं. त्या वस्तूवर नंतर फिरलेले हात ओळखून बाजूला काढायचे आणि आपल्याला हव्या त्या सालापर्यंत मागे जायचं, हे खरं काम. पुढची सगळी पद्धत त्यासाठी आहे.

पहिली पायरी: साल आणि माणूस

फाइल उघडण्याआधी एक ओळ लिहून काढा: कोणतं साल, कोणत्या दर्जाचा माणूस, घोड्यावर की पायी. एवढ्याने निम्मे संदर्भ आपोआप बाद होतात.

हेइआन काळाच्या उत्तरार्धात आणि कामाकुरा काळात (११८५ ते १३३३) वरच्या दर्जाचा योद्धा म्हणजे घोड्यावरचा धनुर्धारी. त्याचं चिलखत ओ-योरोई: पेटीसारखं चौकोनी, पंचवीस-तीस किलोपर्यंत जाणारं, वजन मुख्यतः खांद्यांवर. त्याच काळातला पायदळाचा माणूस अंगाभोवती गुंडाळून उजवीकडे बांधायचं हलकं दो-मारू वापरे. पुढे पाठीमागे बांधायचं हारामाकी आलं. सोळाव्या शतकात लढाया मोठ्या झाल्या, भाले आणि १५४३ नंतर बंदुका आल्या, आणि सुट्या खवल्यांऐवजी अखंड पट्ट्यांचं तोसेई गुसोकु रूढ झालं. १६१५ मध्ये ओसाकाचा वेढा संपला आणि मग अडीच शतकं चिलखत मिरवणुकीत आणि दिवाणखान्यातच जास्त वावरलं. शिंगं वाढली, सोनं वाढलं.

या लेखापुरतं आपण १६०० साल घेऊ, सेकिगाहाराच्या लढाईचं. माणूस मध्यम दर्जाचा सामुराई. महाराजा थाटाचा दाइम्यो (मोठा सरंजामदार) मुद्दामच घेत नाही. दाइम्योंची चिलखतं सर्वांत जास्त छापली जातात आणि तीच सर्वांत अपवादात्मक असतात.

दुसरी पायरी: एकच वस्तू धरा

वीस चिलखतांची सरासरी काढू नका. संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक असलेली एक वस्तू निवडा आणि तिचाच पिच्छा पुरवा. ती पूर्ण कळली की मग बदल करायचा अधिकार तुमचा.

सुरुवात ‘कोलबेस’पासून करा. जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचा (टोकियो, क्योतो, नारा, क्युशू) हा एकत्रित ऑनलाइन शोध आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा जपानी शस्त्रसंग्रह मोठा आहे आणि स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींचे फोटो त्यांनी २०१७ पासून पूर्ण खुले केले आहेत. आशिकागा ताकाउजीचं म्हणून सांगितलं जाणारं चौदाव्या शतकातलं ओ-योरोई तिथेच आहे. लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे तोकुगावा हिदेतादाने १६१३ मध्ये इंग्लंडच्या राजा पहिल्या जेम्सला भेट पाठवलेलं चिलखत आहे. त्याचं साल पक्कं असल्यामुळे तुलनेला ते फार उपयोगी. खोलात जायचं असेल तर एहिमे प्रांतातल्या ओमिशिमा बेटावरचं ओयामाझुमी देवस्थान: योद्ध्यांनी शतकानुशतकं वाहिलेली शस्त्रं आणि चिलखतं तिथे आहेत, आणि वाहिलेली वस्तू सहसा कमी हाताळली जाते.

१६०० च्या आसपासच्या नामवंत वस्तूंसाठी दाते मासामुनेचं काळं चिलखत सेंदाई शहर संग्रहालयात, कुरोदा नागामासाची चिलखतं फुकुओका शहर संग्रहालयात आणि ई घराण्याची नखशिखांत लाल चिलखतं हिकोने किल्ल्याच्या संग्रहालयात पाहायला मिळतात.

शोधताना इंग्रजीवर थांबू नका. संग्रहालयाच्या जपानी पानावरून वस्तूचं नाव जसंच्या तसं कॉपी करा आणि तेच शोधपट्टीत टाका. निकाल एकदम बदलतात. शिवाय हे नाव म्हणजे जवळपास बांधणीचा तपशीलच असतो. ‘कुरो-इतो-ओदोशि दो-मारू गुसोकु’ यात दोरीचा रंग (काळा), दोरी धाग्याची की चामड्याची (धाग्याची) आणि धडाची बांधणी असं सगळं ओळीने येतं. मासामुनेच्या चिलखताच्या नावातच त्याचं धड पाच पत्र्यांचं असल्याचं कळतं. असे दहा-बारा शब्द ओळखीचे झाले की फोटो न उघडताही चाळणी लावता येते.

तिसरी पायरी: पुराव्याची प्रत ठरवा

संदर्भ-फलकावर प्रत्येक चित्राला रंगाची खूण करा. हिरवी म्हणजे साल पक्कं असलेली वस्तू, पिवळी म्हणजे दुरुस्त किंवा जोडजमाव केलेली, लाल म्हणजे नंतरची कल्पना. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण ती नसली की महिन्याभराने कोणतं चित्र कुठून आलं ते आठवत नाही.

लालमध्ये पहिली जाणार ती एकोणिसाव्या शतकातली लाकडी ठशांची योद्धाचित्रं. दिसायला अफाट, पण पुरावा म्हणून कुचकामी. १८०४ नंतर तर १५७३ पुढच्या काळातले योद्धे खऱ्या नावानिशी आणि घराण्याच्या चिन्हानिशी छापायला बंदी होती, त्यामुळे चित्रकार नावं आणि काळ दोन्ही फिरवत. एकोणिसाव्या शतकातले परदेशी स्टुडिओंचे फोटोही असेच. त्यांतली माणसं बहुधा भाड्याने बसवलेली आणि चिलखत हाताला लागेल ते चढवलेलं.

फसवं प्रकरण म्हणजे एदो काळातली ‘जुन्या धाटणीची’ चिलखतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात श्रीमंत घराण्यांनी ओ-योरोईच्या हौशी आवृत्त्या करवून घेतल्या. पहिल्या नजरेत ती कामाकुराची वाटतात. नोंदीत साल काय दिलंय ते वाचल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

१२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांची जी प्रसिद्ध चित्रगुंडाळी ताकेझाकी सुएनागाने करवून घेतली, ती समकालीन म्हणून अमोल आहे. तरी तिच्यातल्या काही आकृती नंतर कुणीतरी भरल्या असं अभ्यासक मानतात. उलट, मात्सुदायरा सादानोबूने संकलित करून १८०० मध्ये आणलेली ‘शूको जिश्शू’ ही चित्रसूची उशिराची असूनही कामाची आहे. देवळांतल्या आणि घराण्यांतल्या जुन्या वस्तू समोर ठेवून काढलेली चित्रं, अनेक ठिकाणी मापांसह. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात ती पाहता येते. काही मूळ वस्तू आता इतक्या स्पष्ट दिसतही नाहीत.

तलवार: मापं

जपानी नोंदीत पात्याची लांबी शाकू, सुन, बू यांत असते. एक शाकू ३०.३ सेंटिमीटर, त्याचा दहावा भाग सुन, सुनचा दहावा भाग बू. दोन शाकूंपेक्षा लांब पातं कताना किंवा ताची, एक ते दोन शाकू वाकिझाशी, त्याखाली तांतो. नोंदीत २ शाकू ३ सुन ५ बू लिहिलं असेल तर ७१.२ सेंटिमीटर.

ही लांबी वक्र रेषेवरून मोजत नाहीत. पाठीवर जिथे मूठ सुरू होण्याची खाच असते तिथून टोकापर्यंत सरळ दोरी ताणल्यासारखी मोजतात. बाक (सोरी) म्हणजे याच सरळ रेषेपासून पाठीचं जास्तीत जास्त अंतर. ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) आधी ७१.२ सेंटिमीटरची सरळ कड टाका, तिच्यावर बाकाचा बिंदू ठेवा आणि मगच वक्र ओढा. १६०० च्या कतानाचा बाक बहुधा दीड-दोन सेंटिमीटर असतो. नवशिक्यांच्या मॉडेलमध्ये तो दुप्पट झालेला असतो आणि जाडी मात्र पापडाएवढी. खाचेजवळ पातं साधारण तीन सेंटिमीटर रुंद आणि सहा-सात मिलिमीटर जाड असतं, टोकाकडे दोन्ही कमी होत जातात.

बाक कुठे आहे हेही बघा. जुन्या ताचीत तो मुठीजवळ एकवटलेला असतो, नंतरच्या पात्यांत मध्यावर किंवा टोकाकडे सरकतो. आणि इथे आखूड करण्याचा मुद्दा येतो: लांब ताची सोळाव्या शतकात मुठीच्या बाजूने कापून कताना म्हणून वापरायची पद्धत होती, कारण टोक कापता येत नाही. अशा पात्याचा बाक आज मध्यावर दिसतो, तो मुळात तिथे नव्हता. मुठीतल्या दांड्यावर (नाकागो) एकापेक्षा जास्त भोकं दिसली तर शंका घ्या. १६०० च्या माणसाच्या कमरेला असं कापलेलं जुनं पातं असणं मात्र अगदी स्वाभाविक आहे, तेव्हा ते दोष म्हणून टाकू नका.

ताची धार खाली ठेवून लटकवतात, कताना धार वर ठेवून कमरपट्ट्यात खोचतात. चिलखतावर मात्र कतानाही वेगळ्या पट्ट्याने धार खाली ठेवून बांधलेली दिसते. पोझ देताना हे चुकलं तर जाणकार पहिलं तेच पकडतो.

तलवार: पात्याचा पृष्ठभाग

इथे जरा थांबूया, कारण सर्वांत जास्त पाती इथेच बिघडतात. धारेजवळची ती नागमोडी पांढरी पट्टी, हामोन, लोक बेस कलरमध्ये (पृष्ठभागाच्या मूळ रंगात) पांढरी रंगवून टाकतात. खऱ्या पात्यावर रंगाचा फरक जवळपास नसतो. तापवण्याआधी पात्यावर मातीचा लेप देतात, धारेवर पातळ आणि पाठीवर जाड. पाण्यात बुडवल्यावर धार झटकन थंड होऊन कठीण होते, बाकीचं पोलाद तुलनेने मऊ राहतं. हामोन ही त्या दोन स्थितींमधली सीमा. ती दिसते ती प्रकाश तिरका पडल्यावर, पोलादातल्या बारीक कणांवरून.

म्हणून तिचं स्थान रफनेस मॅपमध्ये आहे, म्हणजे पृष्ठभाग कुठे चकचकीत आणि कुठे मंद हे ठरवणाऱ्या चित्रात. पॉलिश केलेल्या पात्यावर निदान तीन वेगळे पोत असतात. कण्यापासून (पात्याच्या बाजूवरच्या लांब उंचवट्यापासून) पाठीकडचा भाग पोलादी सळईने घासून आरशासारखा केलेला. कण्यापासून धारेकडचा भाग गडद, मंद, त्यात लाकडाच्या रेषांसारखी घडणीची नक्षी. आणि धारेलगत दुधाळ, बर्फासारखा मॅट पट्टा. टोकाचा त्रिकोण वेगळ्या दिशेने पॉलिश केलेला असतो, त्यामुळे तिथली आडवी रेष लखलखीत उठते.

आता मागे जाण्याचा भाग. तो दुधाळ पट्टा ज्या पॉलिशने येतो त्या ‘हादोरी’ पद्धतीचा चलतीचा काळ मेइजीपासूनचा, म्हणजे १८६८ नंतरचा. आज संग्रहालयातली बहुतेक पाती तशी दिसतात. १६०० च्या दृश्यात हामोन दबलेली, फक्त कोन बदलला की उमटणारी ठेवा. गेमच्या दिग्दर्शकाला ती ठसठशीत हवी असते हे मला माहीत आहे. तेव्हा हामोनचा मास्क (परिणाम कुठे दिसावा ते ठरवणारं चित्र) वेगळा ठेवा आणि जोर कमी-जास्त करायची सोय द्या, म्हणजे वाद मीटिंगमध्ये होतो, टेक्स्चर पुन्हा रंगवण्यात नाही.

हामोनच्या आकारासाठी फोटोपेक्षा ‘ओशिगाता’ चांगले. पात्यावर कागद ठेवून बाह्यरेषा घासून घेतात आणि आतली हामोन हाताने काढतात. चकाकी नाही, प्रतिबिंब नाही, सरळ ट्रेस करता येतं.

मुठीवरची वीण हाही जवळून पाहण्याचा भाग. रे माशाचं खरखरीत कातडं खाली, त्यावर रेशमी फीत. फितीच्या दोन्ही बाजू जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे वर कोण येणार ते दर फुलीला बदलतं. एक फुली करून तिचा अ‍ॅरे (तिच्याच प्रतींची ओळ) केला तर हे चुकतं, म्हणून दोन फुल्यांचा संच करून त्याची पुनरावृत्ती करा. चौकटी टपोऱ्या दिसतात कारण फितीखाली कागदाच्या छोट्या घड्या खुपसलेल्या असतात. तिथे थोडा फुगवटा द्या.

चिलखत: खवले, दोऱ्या आणि हालचाल

खवल्यांचं जुनं चिलखत कापडासारखं वाकतं असा समज आहे. वाकत नाही. एकेक खवला शेजारच्यावर अर्धा चढवून चामड्याने बांधतात आणि आडवी ओळ उरुशीने माखून कडक फळी करतात. उरुशी म्हणजे झाडाचा चीक, आपल्याकडची लाख नव्हे. ओळ आडवी ताठ असते आणि लवचीकपणा फक्त ओळींच्या मधल्या उभ्या दोऱ्यांत असतो. म्हणून रिग (हालचालीसाठीचा सांगाडा) करताना प्रत्येक ओळीला एक कडक हाड द्या. माणूस बसला की ओळी एकमेकींवर सरकून मिटतात. कापडाचं सिम्युलेशन इथे लावू नका.

आपल्या १६०० च्या माणसाचं काम सोपं आहे. त्याचं ‘ओकेगावा-दो’ (धडाचं कवच) आडव्या लोखंडी पट्ट्या रिव्हेटने जोडून केलेलं, पुढचा आणि मागचा असे दोन कडक भाग, डावीकडे बिजागरी, उजवीकडे गाठी. वजन कमरेवरच्या पट्ट्याने बरंचसं नितंबांवर येतं, त्यामुळे त्याची चाल ओ-योरोईवाल्यापेक्षा मोकळी हवी. खाली लोंबणारे मांडीचे पट्टे (कुसाझुरी) सुटे असतात आणि धावताना उडतात. डोक्यावर झुनारी काबुतो, मोजक्या पत्र्यांचं साधं शिरस्त्राण. बासष्ट पट्ट्यांचं कौतुकाचं शिरस्त्राण या दर्जाला नको.

दोऱ्यांची पद्धत बजेट ठरवते. जुन्या दाट विणीत (केबिकी) दोऱ्या इतक्या लगटून असतात की पत्रा दिसतच नाही, तिथे ट्रिम शीट (पुन्हा पुन्हा वापरायच्या पट्ट्यांचं टेक्स्चर) आणि नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा आभास देणारं चित्र) पुरे. सोळाव्या शतकातल्या विरळ विणीत (सुगाके) दोन-दोन दोऱ्यांची जोडी अंतराअंतराने येते, तिथे दोरी खरी मॉडेल केलेली बरी. विरळ वीण फॅशन म्हणून आली नाही. दाट वीण ओली झाली की जड होते, थंडीत गोठते आणि तिच्यात किडे होतात, अशी तक्रार एदो काळातल्या एका चिलखत-अभ्यासकाने लिहून ठेवली आहे.

ओ-योरोई करायचंच असेल तर त्याची असमान रचना नीट बघा. छातीवर दोन वेगळ्या आकाराच्या पट्ट्या, उजवीकडची वाकू शकणारी, डावीकडची अखंड, कारण धनुष्य डाव्या हातात. पोटावर छापील हरणाचं कातडं ताणलेलं, प्रत्यंचा खवल्यांत अडकू नये म्हणून. सुरुवातीच्या काळात चिलखती बाहीही फक्त डाव्या हातालाच. आरसा-प्रतिमा (मिरर मॉडिफायर) लावून अर्धं अंग करायची सवय इथे नडते.

साहित्य आणि झीज

चिलखत लोखंडाचं म्हणून मेटॅलिक १ (पूर्ण धातू) करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. वर उरुशी आहे, म्हणजे डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग धातू नाही. मेटॅलिक ०, वरून क्लिअरकोट (पारदर्शक चकचकीत थर), काळा रंग अगदी शून्य नको. धातू दिसतो तो सोनेरी मुलाम्याच्या कडांवर आणि उघड्या रिव्हेटवर.

झीज दाखवताना थर क्रमाने उघडा: चकचकीत उरुशी, तिच्याखाली मातकट अस्तर, मग लोखंड. जुन्या खवल्यांत एक मेख आहे. वजन वाचवायला लोखंडाचे आणि कच्च्या कातड्याचे खवले आलटून-पालटून लावत. कातड्याच्या खवल्याचा टवका उडाला तर आतून तपकिरी कातडं दिसायला हवं, चांदीसारखी चमक नव्हे.

रंगाबद्दल एक उदाहरण. टोकियोच्या पश्चिमेला मुसाशी मिताके देवस्थानात हेइआन काळातलं लाल दोऱ्यांचं ओ-योरोई आहे. मूळ दोऱ्या मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांनी रंगवलेल्या आणि अजून लाल आहेत. मेइजी काळात दुरुस्तीत घातलेल्या, रासायनिक रंगाच्या दोऱ्याच उलट फिक्या पडल्या. फोटोवरून रंग उचलणारा बरोबर चुकीच्या दोऱ्यांतून उचलू शकतो.

बंदूक, आणि गोव्याचा धागा

१६०० च्या दृश्यात तोड्याची (जळत्या वातीने उडणारी) बंदूक हवीच. तिचा दस्ता आखूड असतो, खांद्याला न लावता गालाशी धरतात. तोडा धरणारा चाप पुढे, नळीच्या तोंडाच्या दिशेने पडतो, आणि पितळी स्प्रिंग साध्या बंदुकांवर बाहेरच दिसते. युरोपीय मस्केटचं अ‍ॅनिमेशन इथे चिकटवू नका.

त्या काळच्या काही चिलखतांचं धड युरोपीय घडणीचं, मध्ये उभी धार असलेलं असतं. त्याला जपानी कुसाझुरी आणि शिरस्त्राणाची झालर जोडलेली. तोकुगावा इयेयासूने आपल्या सरदार साकाकिबारा यासुमासाला दिल्याचं सांगितलं जाणारं असं एक चिलखत टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. हा माल पोर्तुगीज वाटेने येई, आणि त्या वाटेवरचं मोठं ठाणं गोवा. गोव्याच्या व्हाइसरॉयने १५८८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीला लिहिलेलं पत्र क्योतोच्या म्योहो-इन मंदिरात आजही जपलेलं आहे. सोबतच्या भेटींत तलवारी, घोडे आणि दोन चिलखतं होती, आणि १५९१ मध्ये ती हिदेयोशीला सादर झाली. तरीही मध्यम दर्जाच्या माणसाला असं चिलखत देऊ नका. ती बड्यांची चैन होती.

शेवटची पायरी: नोंद आणि परवाना

मॉडेलच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल ठेवा: कोणता भाग कोणत्या नोंदणी क्रमांकावरून, कोणतं माप नोंदीतलं आणि कोणतं फोटोवरून अंदाजलेलं, कुठे मुद्दाम बदल केला. सहा महिन्यांनी क्लायंट ‘हे असंच होतं कशावरून?’ विचारतो तेव्हा तीच उपयोगी पडते.

परवाना प्रत्येक चित्राचा वेगळा. मेट्रोपॉलिटनची खुल्या खुणेची चित्रं बिनशर्त वापरता येतात. कोलबेसची चित्रं व्यावसायिक कामातही चालतात, पण स्रोत लिहावा लागतो आणि बदल केला असेल तर तसं नमूद करावं लागतं. ब्रिटिश म्युझियमची ऑनलाइन चित्रं मात्र फक्त अव्यावसायिक कामासाठी, तेव्हा विकायच्या मॉडेलच्या टेक्स्चरमध्ये ती मिसळू नका. देवस्थानं आणि शहर संग्रहालयं यांचे नियम आपापले असतात आणि बऱ्याच ठिकाणी आत फोटो काढायलाच मनाई असते. तिथे वही-पेन्सिल घेऊन जा. चिलखताच्या मागच्या बाजूचं, जिथे सगळ्या गाठी असतात, रेखाटन आधी करा. छापील फोटो नेहमी समोरूनच असतात.